आले तसे पुढे

मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवा पंच येऊन बसला आहे. त्याची निवडणूक होत नाही, त्याला मुदत नाही आणि त्याच्या निकालावर अपीलही नाही. त्याला ॲडमिन म्हणतात. कोणी कुलमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन असतो, कोणी १९७८ सालच्या दहावी 'ब' तुकडीचा, कोणी गृहनिर्माण सोसायटीचा, कोणी भजनी मंडळाचा. हे पंच एकमेकांना ओळखत नाहीत. परंतु जणू काही परस्परांच्या संमतीने त्या सर्वांनी एकच कायदा जारी केला आहे: 'ग्रुपवर राजकारण नको.'

कायदा दिसायला मोठा साळसूद आहे. नातेवाइकांत भांडणे नकोत, पन्नास वर्षांची मैत्री तुटायला नको, वडीलधाऱ्यांचा रक्तदाब वाढायला नको, यात वाईट ते काय? म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. मला ती घ्यायची आहे. माझे म्हणणे असे की, आज आपल्या समाजात असत्याला जो आश्रय मिळतो आहे, तो पगारी प्रचारकांच्या कचेऱ्यांइतकाच या साळसूद कायद्याच्या छायेत मिळतो आहे. आणि तो देणारे लोक पापभीरू, सुशिक्षित, घरपट्टी वेळेवर भरणारे असे तुम्हीआम्हीच आहोत.

हा कायदा चालतो कसा ते पाहावे. सकाळी सहाला सूर्योदयाचे चित्र येते, साडेसहाला एक सुविचार येतो आणि सात वाजता, त्याच बोटाने आणि त्याच भक्तिभावाने पाठवलेली, एक खबर येते. अमक्या जातीचे किंवा धर्माचे लोक तमक्या ठिकाणी असे असे करीत आहेत. सोबत चित्र आहे. वर्तमानपत्रे हे छापणार नाहीत. खरे रक्त अंगात असेल तर दहा जणांना पाठवा. त्यावर आठ-दहा अंगठे उठतात, दोघेतिघे हात जोडतात, आणि ॲडमिनसाहेब शांतपणे चहा पीत असतात. मग कोणी भाची किंवा पुतण्या भीतभीत लिहितो, "काका, हे चित्र आपल्या देशातले नाही, आणि आहे तेही जुने आहे." एवढे झाले की पंचांना जाग येते. "कृपया राजकारण नको. आपला ग्रुप आनंदासाठी आहे."

खबर आली तेव्हा ती 'माहिती' होती. तिची दुरुस्ती आली तेव्हा ते 'राजकारण' झाले. सारा कायदा या एका भेदावर उभा आहे. दुरुस्ती करणारा गप्प बसतो, खबर मात्र जागच्या जागी राहते आणि दुपारपर्यंत आणखी दहा ग्रुपांत पोचते. दोघांनाही सारखे गप्प केले असते तर त्याला शांतता म्हणता आले असते. येथे चोराला सोडून 'चोर, चोर' म्हणून ओरडणाऱ्याचे तोंड दाबले जाते, कारण काय, तर गल्लीची झोपमोड होते!

या झोपेची किंमत काय पडते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्यांची आवई देशभर उठली होती. तिच्यासोबत एक चित्रण फिरत होते. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे मूल उचलतात आणि पसार होतात. मूळ चित्रण कराचीतल्या एका संस्थेने, पालकांनी मुलांना जपावे म्हणून, मुद्दाम तयार केलेले होते. शेवटी ते स्वार मुलाला परत आणून सोडतात आणि बोधवाक्य दाखवतात. कोणी तरी तेवढा शेवट कापला. लोकशिक्षणाच्या चित्रफितीचे शेवटचे काही क्षण कापले, आणि ती माणसे मारण्याचे हत्यार झाली.

१ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजारादिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच माणसे आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्यातली. ज्यांच्या पूर्वजांना आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या दारात उभे राहू दिले आणि सुपातले धान्य घातले, त्यांच्यापैकीच ही. मुले पळवणारे म्हणून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले आणि तेथे पाचही जणांचा जीव घेतला. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबावर, कडेवरच्या लहान मुलासकट, तीच पाळी येत होती. तेथे काही रहिवाशांनी त्यांना आडोशाला घेतले, पोलीस वेळेवर आले, आणि ती माणसे वाचली. म्हणजे मध्ये कोणी उभे राहिले तर माणसे वाचतात, हेही त्याच तारखेने दाखवून दिले.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने मारले. ते एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. त्या भागात चोर आणि मुले पळवणारे रात्री फिरतात अशी आवई आधीच पसरलेली होती. पहिल्या खोट्याने तीन माणसे मेली, आणि त्यांच्या चिता विझतात न विझतात तोच दुसरे खोटे उठले: मारणारे मुसलमान होते. राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून, तीत एकही मुसलमान नाही, असे जाहीरपणे सांगावे लागले. अटकेतल्या आरोपींची यादी धर्म दाखवण्यासाठी छापावी लागावी, यापरती नामुष्की कोणती? ही यादी किती कुलमंडळांच्या ग्रुपांवर पुढे पाठवली गेली? खोटे ज्या उत्साहाने पाठवले त्याच्या शतांश उत्साहाने तरी ती कोणी पाठवली का? प्रत्येकाने आपल्या मनाशी उत्तर द्यावे.

यावर आपल्या वर्गाचे एक ठरलेले उत्तर आहे. हे अडाणी लोकांचे काम. आपण सुशिक्षित, आपण थोडेच कोणाला मारायला जातो? मारायला जात नाही हे खरे. परंतु सुशिक्षितपणाचा पुरावा काय, तेही पाहू. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नोट आली, तेव्हा तिच्यात अशी चिप आहे की जमिनीखाली १२० मीटर पुरलेली नोटही उपग्रहाला दिसेल, ही खबर कोणी पसरवली? भिक्षेकऱ्यांनी नव्हे. पदवीधरांनी, बँकेत चाळीस वर्षे नोटा मोजलेल्या निवृत्तांनी, आणि त्यांच्या जोडीला दूरचित्रवाणीवरच्या वृत्तनिवेदकांनी. २०२३ साली ती नोट चलनातून मागे घेण्यात आली. चिप मात्र कोणाला सापडली नाही. युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवले ही खबर तर इतकी जुनी आहे की तिला आता निवृत्तिवेतन सुरू करावयास हरकत नाही. युनेस्कोने असे काही केलेले नाही. तरी दर पंधरा ऑगस्टला ती खबर इस्त्री करून बाहेर निघते.

साहित्यप्रेमी म्हणवणाऱ्यांची कथा आणखी वेगळी. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. पण पु. लं.च्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेल्या ओळी आपल्या मोबाइलवर अजून येतच असतात. ज्याने 'बटाट्याची चाळ' चारदा वाचली आहे त्याला त्या ओळींतले चौथे वाक्य वाचताना खोट लक्षात यायला हवी. त्याला ती येतेही. पण सकाळी सकाळी कोणाला कशाला दुखवा, म्हणून तोही अंगठा उचलतो. जो आपल्या आवडत्या लेखकाच्या अक्षराची चाड धरीत नाही तो परक्या माणसाच्या अब्रूची चाड कशी धरणार? सवय येथे लागते. खोट्या पु. लं.पाशी गप्प राहण्याचा सराव झाला की खोट्या खबरेपाशी गप्प राहणे सोपे जाते.

दुसरे उत्तर यंत्राचे. दोष या नव्या यंत्राचा आहे, माणसे पूर्वी अशी नव्हती. पूर्वी कशी होती? १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक तोतया भाऊसाहेब म्हणून उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली, कोकणातले किल्ले गेले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत पेशवाईला त्याचा घोर लागून राहिला. नारायणरावांच्या वधाच्या पत्रात आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला ही कथा तर पुराव्याच्या आधाराविना इतकी रुजली की ती भाषेत वाक्प्रचार होऊन बसली, आणि एका बाईच्या माथी अडीचशे वर्षे तो डाग राहिला. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध प्यायले तेव्हा सामान्य माणसाच्या खिशात मोबाइल नव्हता. पृष्ठताण आणि केशाकर्षण शास्त्रज्ञ समजावून सांगत होते, आणि देवळांपुढच्या रांगा वाढत होत्या. आवईला यंत्र लागत नाही. तिला एक उतावीळ तोंड आणि एक उत्सुक कान पुरतो.

यंत्राने वेग दिला, आणि त्या वेगावर कंपन्यांनी पैसा केला, हे निर्विवाद आहे. त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण वेगाचे इंधन कोण पुरवतो? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे सव्वा लाख खबरांचा अभ्यास केला आणि तो मार्च २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दीड हजार माणसांपर्यंत पोचायला खऱ्या खबरेला खोट्या खबरेच्या सुमारे सहापट वेळ लागला. यंत्रमानवी खाती वगळून हिशेब केला तरी निष्कर्ष तोच राहिला. म्हणजे खोट्याला पाय फुटतात ते माणसांचे. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल असे केले. एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, आणि अशा संदेशावर दुहेरी बाणाची खूण येते ती आजही सर्वांना दिसते. ती खूण म्हणजे यंत्राने दिलेली सूचनाच आहे: हा माल फार हातांतून आला आहे, सांभाळा. आपण काय करतो? निवडून निवडून, एकेकाला पाठवत बसतो. त्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडे!

तिसरे उत्तर सरकारचे. खोटे बोलणाऱ्याला सरकारने पकडावे. हा उपाय करून झाला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६अ असेच हाताशी होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकावर प्रश्न केला आणि दुसरीने त्याला पसंती दिली. त्या कलमाच्या आधाराने दोघींना अटक झाली. त्यांनी काही खोटे सांगितले नव्हते, नावडते सांगितले होते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने, आपल्या कारभाराविषयी खरे काय नि खोटे काय हे ठरवण्यासाठी, आपलेच एक पथक नेमण्याचा नियम केला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. दोन्ही निकालांचा धडा सरळ आहे. सत्याची चौकी सरकारच्या हाती दिली की ती प्रथम टीकाकाराला अडवते. म्हणून जे काम आपले आहे ते आपल्याच उंबरठ्यावर करावे लागेल.

आणि येथे आपला वर्ग त्याचे सर्वांत आवडते वाक्य पुढे करतो: 'आले तसे पुढे पाठवले.' हे वाक्य संदेशाच्या शेपटीला बांधले की सर्व जबाबदारीतून मोकळीक मिळते अशी एक श्रद्धा आहे. हीच माणसे मंडईत पावशेर वांगी घेताना प्रत्येक वांगे उलटेसुलटे करून कीड पाहतात. घरी मुलगी सांगून आली तर तीन गावांतून चौकशी करतात. आले तसे घेतले आणि दिले, असा व्यवहार ती आयुष्यात फक्त एका वस्तूबाबत करतात, आणि ती वस्तू म्हणजे दुसऱ्याची अब्रू.

हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे. त्याची पहिली-शेवटची पाने उलटून पाहा. संपादक कोण, प्रकाशक कोण, कोणत्या छापखान्यात छापला, पत्ता काय, हे त्यात कोठे तरी छापलेले सापडेल. १८६७ च्या कायद्याने इंग्रज सरकारने ही सक्ती केली. तिच्यात त्याचा हेतू पहाऱ्याचा होता, हे खरे. परंतु तिच्यामुळे एक चांगली शिस्तही मराठी लेखनाला लागली: जे छापले त्याच्यामागे एक नाव, एक दार असे. त्या दारावर समन्स येई, दगड येई, अभिनंदनाचे पत्रही येई. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला तो त्या दारावर स्वतःची पाटी लावून. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती त्यांना काढता आली, कारण कोणाची काढायची हे ठाऊक होते! 'केसरी' आणि 'सुधारक' यांचे वाद कडवट होते, व्यक्तिगत होते, कित्येकदा सभ्यता सोडून होते. पण कोणीही 'आले तसे पुढे छापले' असे म्हणून पळून गेला नाही. आजचा संदेश म्हणजे मुद्रकाचे नाव नसलेला कागद आहे. आणि ज्या कागदावर छापणाऱ्याचे नाव नसते त्यावर पाठवणाऱ्याचे नाव लागते, हा साधा न्याय आहे. पुढे पाठवणारा हाच त्याचा लेखक.

राहिला शेवटचा आणि खरोखर वजनदार आक्षेप: नाती तुटतील. तो मी हसण्यावारी नेत नाही. वाद करून नाती तुटतात. पण न करूनही तुटतात, फक्त आवाज होत नाही. दहावी 'ब' च्या त्या ग्रुपात एक वर्गमित्र मुसलमान असतो. एक दलित असतो. त्यांच्या डब्यातले आपण खाल्लेले असते, त्यांनी आपल्याला गणिते दाखवलेली असतात. रोज सात वाजता त्यांच्या समाजाबद्दल एक खबर येते, तिच्यावर आठ-दहा अंगठे उठतात, आणि बाकीचे भले लोक शांतता पाळतात. तो मित्र वर्षभर वाट पाहतो की आपल्या बाकावर बसणारा तरी काही बोलेल. मग एक दिवस तो ग्रुपातून बाहेर पडतो. कोणी विचारत नाही का म्हणून. विचारले तर राजकारण होईल. पन्नास वर्षांची मैत्री वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने ती मैत्रीच बाहेर घालवली, आणि आत उरले ते सुविचार.

घरच्या ग्रुपातही हेच. सासरे, काका, मामा यांनी काहीही पाठवावे. सुनेने, भाचीने ते चूक आहे म्हणू नये. बायकांच्या बुद्धीवरचे विनोद आले तर त्यांनी हसण्याचे चिन्ह पाठवावे, न पाठवल्यास 'हिला विनोद कळत नाही' हेही ऐकावे. याला शांतता म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. ही जुन्या माजघराची व्यवस्था आहे, फक्त ती आता मोबाइलमध्ये राहायला आली आहे. ओसरीवर बोलायचे कोणी आणि दाराआडून ऐकायचे कोणी, हे आधीच ठरलेले आहे. 'राजकारण नको' याचा अर्थ तेथे एवढाच, की आमचे राजकारण चालू आहे, त्यात तुमचे नको.

दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सांगणे भाग आहे. दुरुस्ती करणाऱ्यांत एक जात अशी आहे की तिला खोटे खपत नाही ते फक्त विरुद्ध पक्षाचे. आपल्या पक्षाची थाप आली की तिची चौकस बुद्धी रजेवर जाते. दुसरी जात अशी की ती काकांची चूक सुधारत नाही, काकांना सुधारायला निघते. चार ओळींत त्यांना मूर्ख ठरवते आणि मग आपले कोणी ऐकत नाही म्हणून हळहळते. या दोघांनी सत्याचे काम अवघड करून ठेवले आहे. वाद हा तत्त्वबोधासाठी असतो असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. घरी मात्र तो उणीदुणी काढण्यासाठी करतो. वयाने वडील असलेल्या माणसाला "काका, हे कुठून आले?" एवढे आदराने विचारता येते. उत्तर देता आले नाही की तो प्रश्नच पुष्कळ काम करतो.

करायचे ते फार थोडे आहे. ज्याखाली मी सही करणार नाही ते मी पुढे पाठवणार नाही, हा पहिला नियम. खोटे ज्या ग्रुपात आले त्याच ग्रुपात, सर्वांदेखत, त्याची दुरुस्ती यावी, आणि चूक पाठवणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने पाठवावी, हा दुसरा. खासगीत 'अहो, ते खोटे होते बरे का' म्हणणे म्हणजे चव्हाट्यावर थप्पड मारून माजघरात माफी मागणे. आणि तिसरा ॲडमिनसाहेबांसाठी. राजकारण नको असेल तर सात वाजताची खबर प्रथम काढा. तिला राहू द्यायचे असेल, तर साडेसातच्या उत्तरालाही राहू द्या. दोहोंपैकी काहीही करा. पण एकाला ओसरी आणि दुसऱ्याला दार, हे पंचाचे काम नव्हे.

राईनपाड्याच्या त्या पाच जणांना भोवतीच्या गर्दीतून एकाने जरी "थांबा, आधी विचारू या, हे कोण आहेत" असे ठामपणे म्हणून ते ऐकवले असते तर कदाचित ते आपापल्या पालावर परतले असते. ते वाक्य म्हणायला त्या दिवशी, त्या गर्दीत, छातीचा कोट करावा लागला असता. आपल्याला ते घरी पंख्याखाली बसून, चहा पीत, नुसते बोटाने लिहायचे आहे. तेवढेही ज्या समाजाकडून होत नाही त्याने जमावाला अडाणी म्हणू नये.